दोन गुणांमधले पंचवीस सेकंद

रमजान सुरू झाला की आमच्या स्टाफरूममध्ये दरवर्षी एक प्रश्न येतोच. "सर, पाणीसुद्धा नाही?" गेली अठरा वर्षे मी त्याच सहकाऱ्यांना तेच उत्तर देतो, "नाही, पाणीसुद्धा नाही," आणि तेही दरवर्षी तितक्याच आश्चर्याने मान हलवतात. आता तो आमच्यातला एक रिवाजच झाला आहे. खरे सांगायचे तर पाण्याशिवाय राहायची सवय चार-पाच रोज्यांत होते. सवय होत नाही ती मनाला. नमाजला उभे राहावे आणि मनाने तेवढ्यात बाजारात फेरी मारून यावी, वेतननिश्चितीची फाईल कुठल्या टेबलावर अडली ते पाहून यावे, असे माझे वर्षानुवर्षे चालले आहे. मराठीत 'लक्ष' म्हणजे ध्यान आणि 'लक्ष' म्हणजे एक लाखसुद्धा. माझे लक्ष बहुतेक दुसऱ्या अर्थाचे.

भटकलेले मन परत कसे आणायचे, याबद्दल थोडेफार जे कळले ते मला गेल्या रमजानमध्ये कळले. आणि तेही आमच्या गावच्या जिमखान्यात, टेनिस कोर्टाच्या जाळीबाहेर उभे राहून. तेव्हा वाचकहो, आज या पानावर थोडे टेनिस.

माझी मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. चार वर्षांपासून टेनिस खेळत होती. आमचे कोर्ट मुरमाचे. पहाटे मार्कर येऊन पाणी मारतो, रूळ फिरवतो, चुन्याच्या रेषा आखतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, मार्कर म्हणजे कोर्टाची देखभाल करणारा आणि जोडीदार नसेल त्या दिवशी सभासदांबरोबर चार चेंडू खेळणारा माणूस. आमचा मार्कर चेंडू पडल्याच्या आवाजावरून तो जुना की नवा ते सांगतो. असो.

आंतरशालेय स्पर्धेची उपांत्य फेरी होती. एका सेटचा सामना, सकाळी आठ वाजता. मुलीचा रोजा होता. मी "आज राहू दे" म्हणालो होतो. तिची आई म्हणाली, सामना सकाळचा आहे, नंतर दिवसभर झोपू दे. शेवटी निर्णय मुलीनेच घेतला आणि सहेरीला नेहमीपेक्षा एक ग्लास पाणी जास्त पिऊन ती तयार झाली.

पहिल्या वीस मिनिटांत ती ५-२ ने पुढे गेली. सर्व्हिस तिची, गुण ४०-३०. एकच गुण हवा होता. तिने मारलेला फोरहँड पलीकडच्या बेसलाइनवर पडला आणि समोरच्या मुलीने बोट वर केले. आउट. या पातळीवरच्या सामन्यांना पंच नसतात. आपल्या बाजूला पडलेल्या चेंडूचा निवाडा ज्याने-त्याने करायचा, प्रामाणिकपणे. माझी मुलगी नेटपर्यंत गेली. मुरमावर चेंडूचा ठसा उमटतो, म्हणून समोरच्या मुलीने रेषेबाहेरचा एक ठसा दाखवला. माझी मुलगी म्हणाली, तो माझा नाहीच, माझा रेषेवरचा. स्पर्धेचे प्रमुख दुसऱ्या कोर्टवरून आले, दोघींचे ऐकले आणि निवाडा कायम ठेवून गेले. ती पोर खोटे बोलली असे मी आजही म्हणणार नाही. मुरमावर एका ठिकाणी चार ठसे असतात.

ड्यूस झाला. पुढच्याच गुणाला डबल फॉल्ट, म्हणजे दोन्ही सर्व्हिस वाया. मग एक फटका नेटमध्ये. ५-३. मग ५-४, ५-५. आणि मी? मी जाळीला चिकटून उभा होतो. प्रथम मी हातवारे करून 'चेंडू आत होता' असे तिला कळवले, म्हणजे जे ती विसरायला हवी होती तेच मी पक्के करून दिले. मग "खांदा सैल सोड!" मग "सर्व्हिस वर उडव!" ५-५ झाल्यावर मी ओरडलो, "अजून काही बिघडलेलं नाही!" सगळे बिघडल्याशिवाय हे वाक्य कोणी बोलत नाही. प्रत्येक गुणानंतर ती माझ्याकडे पाहत होती आणि मी, कॉलेजात सत्तर पोरांना गप्प बसवणारा माणूस, तिच्याकडे पाहून हवेत रॅकेट फिरवत होतो. ती ७-५ ने हरली.

स्कूटरवर मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, "अब्बा, अभी कुछ मत बोलो." इफ्तारला तिने एक खजूर तोंडात टाकली आणि खोलीत गेली. नंतर आईला म्हणाली, आता टेनिस नको. त्या रात्री आलेल्या पाहुण्यांनी आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूमनेही एकच निदान केले: रोजा होता ना, म्हणून. पाहुणे कौतुकाने बोलत होते, सहकारी काळजीने. मलाही ते कारण सोयीचे वाटले. त्यात कोणाचीच चूक नव्हती, माझी तर नाहीच. मी ते घरात बोललो तेव्हा मुलगी एकदम उसळली. "रोज्याचं नाव घेऊ नका. मला तहान लागलीसुद्धा नव्हती. मी तो चेंडू बघत होते."

"कोणता चेंडू?"

"तोच. आउट दिलेला. शेवटपर्यंत तोच दिसत होता."

टेनिस हा खेळ मनाला भटकायला सगळ्यात जास्त मोकळीक देणारा आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. तासभर सामना चालला तर चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो साधारण दहा-बारा मिनिटे. हिरवळीच्या वेगवान कोर्टवर त्याहूनही कमी. बाकीचा वेळ चालण्यात, चेंडू गोळा करण्यात, घाम पुसण्यात जातो. एक गुण संपून दुसऱ्याची सर्व्हिस होईपर्यंत नियमाने पंचवीस सेकंद मिळतात. बाजू बदलताना नव्वद सेकंद, सेट संपल्यावर दोन मिनिटे. फटका मारताना मनाला फिरायला फुरसत नसते. ते फिरते या पंचवीस सेकंदांत. तेवढ्या वेळात ते मागच्या चुकीवर जाऊन बसते किंवा पुढचा चषक उचलून येते.

शिवाय या खेळात घड्याळाचा आधार नाही. फुटबॉलमध्ये दोन गोलांची आघाडी असेल तर चेंडू इकडे-तिकडे फिरवून वेळ काढता येतो. क्रिकेटमध्ये षटके संपतात. टेनिसमध्ये ५-२ असो की ५-०, शेवटचा गुण स्वतः जिंकल्याशिवाय घरी जाता येत नाही. मैदानात सोबतीही कोणी नाही. प्रशिक्षकाने बाहेरून सूचना देण्याला तर कित्येक वर्षे बंदी होती. आंतरराष्ट्रीय महासंघाने नियमात तशी मोकळीक दिली ती २०२५ पासून. म्हणजे त्या कोर्टवर खेळाडू आणि त्याचे मन, दोघेच. आणि त्यातला एक जण दर पंचवीस सेकंदांनी बाहेर निघतो.

माझ्या मुलीच्या बाबतीत जे एका सेटच्या शालेय सामन्यात झाले, ते १९९३ मध्ये विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर सगळ्या जगाने पाहिले होते. चेक खेळाडू याना नोवोत्ना अंतिम फेरीत स्टेफी ग्राफविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये ४-१ ने पुढे होती. सर्व्हिस तिची, ४०-३०. हा गुण मिळाला असता तर ५-१ झाले असते. तिने डबल फॉल्ट केला. त्यानंतर ग्राफने सलग पाच गेम घेतले आणि सामना जिंकला. बक्षीस समारंभात नोवोत्ना डचेस ऑफ केंट यांच्या खांद्यावर डोके ठेवून रडली. ते छायाचित्र आमच्या पिढीतल्या अनेकांना आठवत असेल. हात तेच होते, रॅकेट तीच होती, ती थकलेलीही नव्हती. हे सगळे मी मुलीला सांगितले. नोवोत्नाने त्यानंतर पाच वर्षांनी, १९९८ मध्ये, तेच विम्बल्डन जिंकले, हेही सांगितले. मुलगी म्हणाली, "पाच वर्षं?" मी विषय बदलला.

दुसरी गोष्ट मात्र आमच्या घरची आहे. ११ जुलै २०१५. रमजानचे शेवटचे दहा दिवस चालू होते. या दिवसांत बरेच लोक रात्र जागून काढतात, इबादत करतात. मी तरावीहची नमाज पढून आलो आणि, खोटे कशाला बोलू, टीव्हीसमोर बसलो. विम्बल्डनच्या महिला दुहेरीची अंतिम फेरी होती. एका बाजूला आपली सानिया मिर्झा आणि स्वित्झर्लंडची मार्टिना हिंगीस, समोर रशियाच्या एकातेरिना माकारोव्हा आणि एलेना वेस्निना. पहिला सेट सानिया-मार्टिनाने ५-७ असा गमावला, दुसरा टायब्रेकमध्ये खेचून आणला आणि तिसऱ्यात त्या २-५ ने मागे पडल्या. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. माझी पत्नी म्हणाली, बंद करा आता, सहेरीला उठायचे आहे. मी म्हणालो, हा एक गेम.

त्या एका गेमचे पाच गेम झाले. २-५ वरून ५-५. तेवढ्यात लंडनमध्ये अंधारून आले, खेळ थांबवला, सेंटर कोर्टचे सरकते छप्पर ओढून घेतले आणि दिवे लावले. मला तेव्हा वाटले, झाले, लय गेली. रंगात आलेल्या माणसाला मध्येच उठवून बसवले तर काय होते ते आपल्याला माहीत आहे. पण खेळ पुन्हा सुरू झाला आणि त्या दोघींनी पुढचे दोन्ही गेम घेऊन सामना ७-५ असा संपवला. ग्रँड स्लॅम स्पर्धेत महिला दुहेरीचे विजेतेपद मिळवणारी सानिया ही पहिली भारतीय महिला. मिश्र दुहेरीतली तीन विजेतेपदे तिच्या नावावर आधीच होती.

त्या रात्री मी फक्त विजय पाहिला होता. गेल्या वर्षी मुलीसोबत तो सामना यूट्यूबवर पुन्हा शोधून पाहिला, तेव्हा चेंडू खेळात नसताना त्या दोघी काय करतात तेवढेच पाहिले. गुण जिंकला तरी हाताला हात, हरला तरी हाताला हात. जवळ येऊन दोन शब्द, मग आपापल्या जागी. २-५ असतानाही तेच आणि ५-५ असतानाही तेच. त्यांच्या डोक्यात काय चालले होते ते त्यांनाच ठाऊक. आपल्याला दिसते ते एवढेच की मधल्या वेळात काय करायचे ते त्यांचे ठरलेले होते.

आता त्या हरलेल्या सामन्याच्या रात्रीकडे परत जातो. मुलीच्या नादात माझी इशाची जमात चुकली होती, म्हणून मी घरी एकटाच नमाज पढत होतो. नमाज रकातींमध्ये मोजली जाते. एका रकातीत उभे राहणे, वाकणे, दोनदा जमिनीला कपाळ टेकणे असा एक फेरा येतो. इशाच्या फर्ज नमाजमध्ये असे चार फेरे. मी उभा होतो आणि माझ्या डोळ्यांपुढे मुरमावरचा तो ठसा होता. भानावर आलो तेव्हा ही तिसरी रकात की चौथी, ते आठवेना.

आमच्याकडे यावर उपाय सांगितलेला आहे. अशी शंका आली आणि मन कुठल्याच बाजूला कौल देईना, तर कमी आकडा धरायचा, राहिलेली रकात पूर्ण करायची आणि शेवटी दोन सजदे जास्तीचे करायचे. याला सजदा-ए-सह्व म्हणतात, म्हणजे विसरल्याचा सजदा. बारीक तपशील मौलानांना विचारावेत, मी शिक्षक माणूस आहे. लहानपणापासून मी तो करत आलो आहे, पण त्यामागे काय गृहीत धरले आहे हे मला त्या रात्री पहिल्यांदा जाणवले. माणसाचे मन नमाजमध्येही भटकणार, हे धरूनच चालले आहे. भटकलास म्हणून उठून जा, असे म्हटलेले नाही. परत ये, राहिलेले पूर्ण कर, दोनदा कपाळ टेक आणि पुढे चल. नाहीतरी मनाला समजावणे हे सगळ्यांनाच जड गेले आहे; समर्थ रामदासांनाही त्यासाठी दोनशे पाच श्लोक लिहावे लागले.

दुसऱ्या दिवशी मी मुलीच्या कोचना भेटायला गेलो. विचार होता की सजदा-ए-सह्वसारखे काहीतरी टेनिसमध्ये आहे का ते विचारावे आणि ती खेळ सोडते आहे हेही सांगावे. कोच आमच्याच गावचे, फार न बोलणारे. त्यांनी मला बाकावर बसवले आणि आधी माझाच हिशेब काढला. "सर, तिला पंचवीस सेकंद मिळतात. ते तुम्ही खाता."

मी गप्प.

"ती गुण हरली की तुमच्याकडे बघते. तुमचा चेहरा पडलेला. आता तिला दोन कामं. स्वतःला सावरायचं आणि तुम्हालाही."

खांदा सैल सोड म्हणून ओरडणारा बाप तो खांदाच जड करत होता, हे कोणी इतक्या सरळ सांगेल असे वाटले नव्हते. घरी येऊन मी हे पत्नीला सांगितले. ती म्हणाली, हे मी दोन वर्षे सांगते आहे.

मग कोचनी ते मधल्या वेळाचे काम समजावले. जिम लोहर नावाच्या अमेरिकन क्रीडामानसशास्त्रज्ञाने मोठमोठ्या खेळाडूंची चित्रफीत तासन् तास पाहिली. चेंडू खेळात असताना अव्वल आणि सामान्य खेळाडूंच्या वागण्यात त्याला फारसा फरक सापडेना. तो सापडला दोन गुणांच्या मध्ये. अव्वल खेळाडू गुण संपला की लगेच वळतात, खांदे पाडत नाहीत, रॅकेट दुसऱ्या हातात घेतात, नजर रॅकेटच्या तारांवर ठेवतात, सावकाश चालतात. त्यांचा श्वास खाली येतो. मग पुढच्या गुणाला काय करायचे ते ठरवतात आणि शेवटी दरवेळची तीच एखादी कृती करतात. चेंडू ठरावीक वेळा आपटणे, केस मागे सारणे, काहीही. या सगळ्याला सोळा-एक सेकंद लागतात, म्हणून त्याने त्याला सोळा सेकंदांचा उपाय म्हटले. राफेल नदाल बसायच्या जागेपुढे पाण्याच्या दोन बाटल्या नेमक्या एकाच रोखाने मांडायचा. आपण हसायचो. तिकडे मन बाटल्यांमध्ये गुंतलेले असायचे आणि मागच्या चुकीकडे जायचे राहायचे.

यात नजरेला फार महत्त्व, असे कोच म्हणाले. नजर प्रेक्षकांत गेली की मनही गेले. म्हणून डोळ्यांना काम द्यायचे: तारा, चेंडूवरची शिवण, स्वतःच्या बुटांची टोके. चेंडू खेळात असतानाची युक्ती वेगळी. टिमोथी गॅलवे यांचे १९७४ चे 'द इनर गेम ऑफ टेनिस' हे पुस्तक कोचच्या कपाटात होते, पाने सुटलेले. गॅलवे म्हणतात, आपल्या आत दोन जण असतात, एक सतत सूचना देणारा आणि एक प्रत्यक्ष काम करणारा. सूचना देणाऱ्याचे तोंड बंद झाले की दुसरा नीट खेळतो. ते बंद करायला त्यांनी शिष्यांना एक खेळ दिला. चेंडू जमिनीला लागला की 'बाउन्स' म्हणायचे, रॅकेटला लागला की 'हिट'. बस. आमचे कोच लहान पोरांकडून 'टप्पा', 'फटका' म्हणवून घेतात. संध्याकाळी जिमखान्यावरून जाताना टप्पा, फटका, टप्पा, फटका असा गजर ऐकू येतो तो त्याचाच. पाठ झालेल्या फटक्याला सूचना द्यायला गेलो की तो बिघडतो. जिना उतरताना कुठला पाय आधी टाकायचा याचा विचार करून पाहा.

मुलगी आठवडाभर कोर्टवर गेली नाही. मी आग्रह केला नाही, हे माझ्या स्वभावाला धरून नव्हते म्हणून नोंदवतो. त्याऐवजी एका संध्याकाळी इफ्तारनंतर तिला रॉजर फेडररचा एक हिशेब सांगितला. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमाउथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात फेडररने तो स्वतः मांडला होता. कारकिर्दीत तो एकेरीचे १,५२६ सामने खेळला आणि त्यातले जवळजवळ ऐंशी टक्के जिंकला. पण एकूण गुणांपैकी त्याने किती जिंकले? चोपन्न टक्के. तिने कॅल्क्युलेटर काढला. "म्हणजे शंभरातले शेहेचाळीस हरला?" हो. जवळजवळ एकाआड एक. त्या प्रत्येक हरलेल्या गुणावर तो अडून बसला असता तर चोपन्नही आले नसते.

आणि तोच फेडरर २०१९ ची विम्बल्डनची अंतिम फेरी हरला. जोकोविचपेक्षा चौदा गुण जास्त जिंकून हरला. पाचव्या सेटमध्ये ८-७, ४०-१५, सर्व्हिस त्याची, विजयापासून एक गुण दूर, आणि अशा दोन संधी. जोकोविचने दोन्ही वाचवल्या आणि चार तास सत्तावन्न मिनिटांनी सामना घेतला. सारे स्टेडियम 'रॉजर, रॉजर' ओरडत होते. जोकोविच नंतर म्हणाला की ते 'नोव्हाक, नोव्हाक' आहे असे तो स्वतःला ऐकवत होता. त्यालाही शंका येतात, भीती वाटते, हे त्याने अनेकदा सांगितले आहे. अशा भावनेत किती वेळ अडकून राहायचे, एवढेच आपल्या हातात असते असे तो म्हणतो, आणि ही उपजत देणगी नव्हे, सराव आहे हेही. मुलीला ते 'नोव्हाक, नोव्हाक' फार आवडले. म्हणाली, "मग तुम्ही ओरडलात की मी काय ऐकू?" मी म्हटले, मी ओरडणारच नाही. तिने विश्वास ठेवल्यासारखे दाखवले. दुसऱ्या दिवशी ती रॅकेट घेऊन बाहेर पडली.

हे सगळे शिकल्यावर मन ताब्यात येते, असे मात्र कोणी समजू नये. ट्युनिशियाची ओन्स जाबूर ही ग्रँड स्लॅम एकेरीच्या अंतिम फेरीत पोहोचलेली पहिली अरब महिला. मानसशास्त्रज्ञ सोबत घेऊन काम करणारी खेळाडू. २०२३ च्या विम्बल्डनमध्ये तिने उपांत्यपूर्व फेरीत रिबाकिनाला हरवले, जिने आदल्या वर्षी तिला तिथेच अंतिम फेरीत हरवले होते. मग उपांत्य फेरीत सबालेंकाविरुद्ध पहिला सेट गमावून, दुसऱ्यात २-४ ने मागे असताना सामना फिरवला. आणि अंतिम फेरीत, बिगरमानांकित वोंद्रुसोवाविरुद्ध, पहिल्या सेटमध्ये ४-२ ने पुढे असूनही तो गमावला, दुसऱ्यात ३-१ ने पुढे असूनही तो गमावला. दोन दिवसांपूर्वी जे जमले होते ते त्या दिवशी जमले नाही. माझी मुलगी हे ऐकून म्हणाली, मग शिकून काय उपयोग? मला नीट उत्तर देता आले नाही. मी तिला म्हटले, मी हजारो वेळा नमाज पढलो आहे आणि काल पुन्हा फाईल आठवली. ती हसली, पण ते उत्तर नव्हते.

वर्षभरात ती बारा-पंधरा सामने खेळली असेल. निम्म्याहून जास्त हरली. एकदा ५-१ वरून हरली. तिची मधल्या वेळातली कृती आता ठरली आहे: गुण संपला की पाठ फिरवून मागच्या जाळीपर्यंत जायचे, जाळीला बोट लावायचे, तारा सरळ करत परत यायचे. बोट लावले की तो गुण तिकडेच ठेवायचा, असे तिने स्वतःच ठरवले. कधी ठेवला जातो, कधी बरोबर येतो. कोच म्हणतात, बरोबर आला तर पुढच्या वेळी पुन्हा बोट लावायचे.

या वर्षी तीच स्पर्धा पुन्हा रमजानमध्येच आली. चौथ्या रोज्याला तिचा पहिला सामना होता, सकाळीच. मी मार्करच्या खोलीमागे कडुलिंबाखाली उभा होतो. तिथून अर्धेच कोर्ट दिसते आणि तिला मी मुळीच दिसत नाही. ४-३ असताना एका चेंडूवरून पुन्हा वाद झाला. ती पुढे गेली, ठसा पाहिला, काही बोलली नाही, वळली. मागच्या जाळीशी येऊन बोट लावले. मी मनात सेकंद मोजायला लागलो. एक, दोन, तीन. ती तारांशी खेळत परत निघाली. अकरा, बारा. तिने चेंडू आपटायला घेतला. सतराला मला आठवले की इफ्तारसाठी खजूर आणायची राहिली आहे. ती आता घ्यावी की कॉलेजातून येताना, आणि येताना घेतली तर चौकातल्या दुकानातली की मशिदीजवळची.

भानावर आलो तेव्हा तो गुण संपला होता. कोणाला गेला ते कळले नाही. ती पुन्हा मागच्या जाळीकडे चालली होती. स्कोअर विचारायला पाय जाळीकडे वळले होते, पण मी झाडाखालीच थांबलो.